पूर्णेचा काळा गोटा

ज्ञानेश्वरी माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती, आणि खरं सांगते, मला पहिला राग त्या पेटीचा आला. घरात लिहिणंवाचणं म्हणजे तोवर मीच होते. बारावी झालेली, गावच्या अंगणवाडीची सेविका. कुणाचा अर्ज लिहायचा असला की लोक आमच्या ओट्यावर येत. आणि आता ही आली येलदरीहून. वडील धरणाच्या वीजघरात नोकरीला, पोरगी इतिहासात बी.ए., एम.ए.चं एक वर्ष झालेलं. दुसरं वर्ष लग्नानं खाल्लं.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून तीन किलोमीटर. शेती बऱ्यापैकी, घर स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. सासरे गेल्यापासून सगळं सासूबाईंच्या, म्हणजे सारजाबाईंच्या शब्दावर चालतं. त्या कधी ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, उलटून बोलता आलं असतं. त्या फक्त विचारतात, "कामून जायलीस?" कशासाठी जातेस? या प्रश्नाला आमच्या घरात तीनच उत्तरं चालतात. लग्न, बाळंतपण, मयत. बाजार पुरुष करतात, दवाखान्यात पुरुष नेतात. माझी अंगणवाडी देवळाच्या पलीकडे आहे म्हणून चालून गेली; चार किलोमीटरवर असती तर तीही झाली नसती.

ज्ञानेश्वरीचा नवरा हरिओम गंगाखेडकडं साखर कारखान्यात वजनकाट्यावर. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. स्वभावानं चांगला. इतका चांगला, की कशाच्याच आड यायचा नाही आणि कशाच्या बाजूनंही उभा राहायचा नाही. काहीही विचारलं की म्हणायचा, "आईला विचार." आमचे हे, महारुद्र, त्याचेच थोरले भाऊ, यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

तर अशा घरात संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागायचा. 'गढीची लेक' नावाची मालिका. गोदाकाठची एक गढी, दीडशे वर्षांपूर्वीचा निजामाचा अंमल, आणि गढी सांभाळणारी एक बाई. सासूबाईंना डोळ्यातल्या मोतीबिंदूनं धड दिसत नसे, तरी त्या सगळ्यात पुढं बसून ऐकायच्या. आम्ही दोघी मागे, हातात शेंगा नाहीतर भाजी निवडायला.

ज्ञानेश्वरी मालिकेवर जीव टाकायची आणि मालिकेवरच चिडायची. जेवणाचा प्रसंग आला की ती शेंगा सोलायची थांबे. "ताई, बघायलात का? गोदाकाठची गढी अन् ताटात कोकमाची आमटी! वर ओल्या खोबऱ्याचा चव! आपल्याकडं तवा नारळ देवापुढं फोडायला मिळत न्हवता."

"गप बघ की," सासूबाई म्हणायच्या. "त्या राणीला काय वाढायचं ते त्यायला कळत न्हाई व्हय?"

ती गप्प बसली. निदान आम्हाला तसं वाटलं.

उन्हाळ्यात ती वाळवण राखायला गच्चीवर जाऊ लागली. दुपारी घर झोपलं की ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मला वाटलं, बरी कामाला लागली. पण एक दिवस मी वर गेले तर कुरडया कडकडीत वाळून दोन दिवस झालेले, आणि बाईसाहेब अजून त्यांची राखण करत बसलेल्या. हातात मोबाइल, अंगठा भराभर चाललेला. फोनला रेंज फक्त त्या टाकीपाशीच येते, हे मला तेव्हा कळलं.

"कोनाशी बोलायलीस?" मी विचारलं. मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं.

तिनं फोन माझ्या हातात दिला. तो तिचा ब्लॉग होता. नाव 'गढीतलं ताट'. मालिकेच्या प्रत्येक जेवणाच्या प्रसंगावर तिनं लिहिलं होतं. ताटात काय दाखवलं, त्या काळी त्या ताटात खरं काय असलं असतं, आणि ते कसं करायचं. येसर घातलेली आमटी, तेलच्या, माडगं, वरणफळं. मी उभ्या उभ्या एक वाचलं. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर करडीच्या तेलात लसणाची फोडणी. सगळी कृती बरोबर होती, मी दर आठवड्याला करते तशीच. आणि खाली तिनं एक ओळ लिहिली होती: 'गढीवरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसत. ही भाजी त्यांना कधी गरम मिळाली नाही.'

मी एकोणीस वर्षं या घरात शेवटी जेवते. निवलेली भाकरी, निवलेली भाजी. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलेलं मी गिळलं होतं. ते कुणीतरी लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि पाठोपाठ तिचा पुन्हा राग आला, की हे माझं मला का सुचलं नाही.

त्या दिवसापासून मात्र मी तिची पहारेकरीण झाले. सासूबाई उठल्या की मी खाली पितळी घागर मुद्दाम आपटायची, म्हणजे ही वर फोन बंद करायची. मी पदार्थ सांगायची, ती लिहायची. त्या वर्षी आमच्याकडं कधी नव्हे इतक्या कुरडया झाल्या.

आता गोट्याबद्दल सांगते.

आमच्याकडं भादव्यात महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, फुलोरा, हे सगळ्यांकडं असतं. आमच्या घरचं वेगळं म्हणजे आंबील. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची आंबील शिजली की तिच्यात पूर्णा नदीतला एक काळा गोटा, लिंबाएवढा, निखाऱ्यात लाल करून, तूपजिऱ्याबरोबर सोडायचा. चर्र असा आवाज होतो आणि आंबिलीला जो धुराचा वास लागतो तो दुसऱ्या कशानं येत नाही. त्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावलेलं असतं. आत एकच बाई. बाकी सगळे बाहेर हात जोडून, तो आवाज ऐकत. त्या नैवेद्याचा घास घराबाहेर जात नाही, खरकटंसुद्धा अंगणात खड्डा करून पुरतात. आणि कृती सासूनं एकाच सुनेला सांगायची, तीही कानात.

गोटा वर्षभर देव्हाऱ्यात, लाल फडक्यात. तो जिच्याकडं, तिनं घराबाहेर रात्र काढायची नाही. सारजाबाईंनी एकतीस वर्षं काढली नव्हती. स्वतःच्या लेकीच्या, नर्मदाच्या बाळंतपणाला त्या परभणीला सकाळी गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. लेक दवाखान्यात रडत होती म्हणे. डोळ्याचं ऑपरेशनही त्याच पायी राहिलं. हे त्या कुणाला तक्रारीनं सांगायच्या नाहीत. अभिमानानं सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी नजर गेल्यावर त्यांनी मला कानात सांगितलं. करायचं मी, पण गोटा अजून त्यांचाच. तो माझ्या हातात कधी येतो याची मी वाट बघत होते. हसू नका. या घरात माझं म्हणावं असं दुसरं काय होतं?

आणि मागच्या भादव्यात, महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी, मी ओल्या मोरीत पडले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं सांडशी धरून तापलेला गोटा उचलणं शक्य नव्हतं, आणि "मला जमत नाही" म्हणावं तर गोटा हातचा जायचा. सासूबाई दाराबाहेर पाटावर बसल्या. मी आत गेले, कडी लावली, आणि मागच्या दारानं ज्ञानेश्वरीला आत घेतलं. तिच्या कानात सगळं सांगितलं. तिनं गोटा सोडला, चर्र झालं, बाहेर सासूबाईंनी हात जोडले. ज्ञानेश्वरी ज्या दारानं आली त्या दारानं गेली. मी घाम पुसून कडी काढली.

त्याच आठवड्यात मालिकेत गढीवरच्या महालक्ष्म्या दाखवल्या. नैवेद्याला मोदक. ज्ञानेश्वरीचा तोल गेला. दुसऱ्या दुपारी तिनं लिहिलं, गोट्यासकट, आवाजासकट, बाहेर हात जोडून बसलेल्या बायकांसकट. मी वाचलं आणि फोन तिच्या हातात परत कोंबला.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"ताई, गावाचं नाव न्हाई, घराचं न्हाई, माझं बी न्हाई. कोन वळखणार? अन् कानातलं कानातच राहिलं तर एक दिवस मरूनच जाईल की ते."

मी फार ताणलं नाही. ते तिनं लिहिलं होतंच तसं. वाचताना मला वाटलं, की आपलं घरही कुठंतरी आहे, जगाच्या नकाशावर आहे.

लोकांनी ते वाचलं. लातूरच्या, पुण्याच्या, परदेशातल्या बायकांनी खाली आपापल्या आजीची आठवण लिहिली. आणि कार्तिकात भक्ती नावाच्या मुलीचा फोन आला. मालिकेच्या संशोधनाचं काम करायची. म्हणाली, आम्ही तुमचा ब्लॉग पहिल्यापासून वाचतो, तुम्ही आम्हाला शिव्या देता त्याही वाचतो. आंबिलीचा प्रसंग मालिकेत घेऊ का? आणि तुम्ही स्वतःच याल का, कोल्हापूरला सेटवर, तीन महिने, सगळ्या जेवणाचं बघायला? पुढं अजून एक मालिका येतेय, त्यातही काम आहे.

ज्ञानेश्वरीनं दोन्हीला एका दमात हो म्हटलं. घरातल्या कुणालाही न विचारता उच्चारलेला तिचा तो पहिला हो.

हरिओम म्हणाला, आईला विचार. आईला विचारलं. मी भाकरी थापत कान देऊन होते. मला वाटलं, "कामून जायलीस?" येणार. पण सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राणीच्या सिरेलीत आपली सून. इज्जतच हाय की." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तीन महिने म्हंजे, रातीला कुठं झोपशील?"

"तिथं खोल्या दिल्यात, आत्याबाई. बायका-बायकाच हायत."

"असं," त्या म्हणाल्या, आणि जपमाळ पुढं ओढू लागल्या.

सतरा जानेवारीचं तिकीट काढलं. चुडाव्याहून सकाळची पॅसेंजर, परभणीला उतरून पुढची गाडी. तिची पत्र्याची पेटी खाली निघाली, पुसली गेली. ती आनंदात होती आणि मी तिच्या आनंदात होते. ही गेली की दुपारी गच्चीवर जायचं कशाला?

नऊ तारखेला साडेसातला आम्ही नेहमीसारखे बसलो. मालिकेत स्वयंपाकघराचं दार लागलं. बाहेर बायका हात जोडून. ज्ञानेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. इतक्या लवकर दाखवतील हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी रिमोट शोधू लागले. तेवढ्यात टीव्हीत चर्र झालं.

सासूबाईंना दिसलं काहीच नव्हतं. पण तो आवाज त्यांनी एकोणतीस वर्षं आतून आणि दोन वर्षं बाहेरून ऐकला होता. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कशाला हात जोडले.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. टीव्ही बंद झाला. "कोन नेलं बाहीर?"

त्यांच्या हिशेबानं घरात कृती माहीत असलेली दुसरी बाई एकच होती. मी. सासूबाईंची पांढुरकी नजर माझ्याच दिशेला होती.

"मी नेलं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दाराच्या फटीतून बघितलं अन् लिवलं. ताईला ठावं न्हाई."

आणि मी गप्प बसले. त्याच्या पुढं-मागं मी कितीही चांगली वागले असेन, त्या वेळी गप्प बसले. गोटा जाईल या भीतीनं.

सासूबाई रागावल्या नाहीत. पुढचे पाच दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही, एवढंच. जायचं की नाही हे कुणी बोलेना. हरिओमनं फोनवर सांगितलं, आई म्हणेल तसं. पेटी दाराजवळ होती ती कुणीतरी सरकवून कोठीत ठेवली. ज्ञानेश्वरी भांडली नाही, रडली नाही. गच्चीवर जायची बंद झाली. मी भाजी निवडताना तिच्याकडं बघायची, आणि ती माझ्याकडं बघायची नाही.

संक्रांतीला सासूबाईंनी भावकीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. ओसरी भरली. वाण लुटून झालं तशी त्या मला म्हणाल्या, "थोरले, देव्हाऱ्यातलं लाल फडकं आन." मी आणलं. वाटलं, आला दिवस. एकोणीस वर्षांनी आला.

त्यांनी फडकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "माझे डोळे गेले. आता हे दुसरीनं सांभाळायचं. धाकटीनं बाहीर नेलंय. जिनं नेलं तिनंच आता राखावं. लिवून ठिवलंय, इसरायची बी न्हाई. ये धाकटे, पदर पसर."

बायका "वा, वा" म्हणाल्या. मान होता तो. धाकटीला गोटा आमच्या घरात कधी मिळाला नव्हता. ज्ञानेश्वरी उठली आणि माझ्या लक्षात आलं, की तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. पदर पसरला की संपलं. कोल्हापूर संपलं, परभणी संपलं, येलदरीला आईजवळ एक रात्र राहणंसुद्धा संपलं. सासूबाईंनी तिला शिक्षा दिली नव्हती. आपल्याकडं होतं ते सगळ्यात मोठं दिलं होतं, आणि त्यातून सुटका नव्हती.

पण हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं. माझा गोटा हिला!

"तो माझा हाय!" मी ओरडले. भावकीसमोर, सासूसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. "तिनं फटीतून काय बी बघितलं न्हाई! तिला मी सांगितलं. माझा हात मोडला व्हता, मागच्या दारानं मीच तिला आत घेतलं. गोट्याचा नेम मोडला असंल तर मी मोडला. राखायचा बी मीच!"

कुणाच्या तरी हातातून तिळाचा लाडू पडून घरंगळत गेला. सासूबाईंनी मान माझ्याकडं वळवली.

"पाच दिस गप का बसलीस मग?"

मी त्यांच्यापुढं जाऊन खाली बसले.

"पसर पदर," त्या म्हणाल्या.

मी पसरला. गोटा दिसतो त्यापेक्षा जड आहे.

सतराला सकाळी ज्ञानेश्वरी पॅसेंजरनं गेली. यांनी तिला ट्रॅक्टरवरून स्टेशनला सोडलं, पेटी मागे बांधून. निघताना ती माझ्या पाया पडली आणि तिथंच रडली. "ताई, तुमी माझ्यासाठी..." म्हणायला लागली. मी तिला उठवलं आणि म्हटलं, "जा. गाडी चुकंल." खरं सांगायचं धाडस त्याही दिवशी झालं नाही.

तीन महिन्यांचे सात झाले. दुसरी मालिकाही तिला मिळाली. हरिओम आता शनिवारी कोल्हापूरला जातो, कुणालाही न विचारता, आश्चर्यच आहे. मालिकेच्या शेवटी पाट्या सरकू लागल्या की सासूबाई विचारायच्या, "आलं का नाव?" मी वाचून दाखवायची. खाद्य सल्लागार, ज्ञानेश्वरी. त्या मान डोलवायच्या.

आता त्याही विचारत नाहीत, कारण त्या इथं नाहीत. गोटा माझ्याकडं आला आणि त्या मोकळ्या झाल्या. चैत्रात नर्मदा जीप घेऊन आली आणि त्यांना परभणीला घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आठ दिवसांसाठी गेल्या होत्या, चार महिने झाले. फोनवर आवाज पोरीसारखा येतो. नातीच्या शेजारी झोपतात म्हणे, आणि उशिरा उठतात. निघताना मला म्हणाल्या होत्या, "थोरले, कडी आतून लाव बरं." एकतीस वर्षांनी बाईनं घर सोडलं आणि मागं वळून बघितलं नाही.

मागच्या महिन्यात मला अंगणवाडीचं पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण आलं होतं, औरंगाबादला. तब्येतीचं कारण लिहून दिलं. काल दुपारी ज्ञानेश्वरीचा फोन आला. मी घ्यायला गच्चीवर पळाले. ती म्हणाली, "ताई, दोन दिवस या की. सेट बघा. तुमच्या अंबाडीचा प्रसंग हाय, अन् मी त्यायला सांगितलंय, बायकांच्या ताटात वाफ दाखवायची न्हाई."

"बघू गं," मी म्हटलं.

या घरातल्या बघूचा अर्थ तिला ठाऊक आहे.

गावातल्या बायका अजून माझं कौतुक करतात, की जावेसाठी एवढं कोण करतं. मी काही बोलत नाही, पण इथं लिहून ठेवते. मी तिच्यासाठी काही केलं नाही. मला गोटा हवा होता, आणि तो मला मिळाला.